होंडा कात्सुइची यांची चीनची वारी
१९७१ साली ‘आसाही शिंबुन’ या जपानी दैनिकाचे बातमीदार होंडा कात्सुइची चीनमध्ये सुमारे ४० दिवस फिरले. व्हिएतनाममधल्या अमेरिकी युद्धावर त्यांनी आधी लिहिले होतेच. आता पाळी आपल्याच सैन्याची होती. फुशुनजवळच्या पिंगदिंगशान गावात १९३२ साली जपानी सैनिकांनी गावकऱ्यांना, वाचलेल्यांच्या सांगण्याप्रमाणे फोटो काढायचा म्हणून, एकत्र जमवले आणि मशीनगन चालवल्या. होंडांनी ती हकिकत वाचलेल्यांच्याच तोंडून टिपून घेतली, नानजिंगच्या हत्याकांडाचीही तशीच. लेखमाला त्याच वर्षी छापून आली. साक्षीदार चीन सरकारने गाठून दिलेले, हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण त्याने हत्याकांड पुसले जात नाही. लेखमालेत दोन जपानी अधिकाऱ्यांमधल्या शंभर माणसे मारण्याच्या शर्यतीचा उल्लेख होता; त्यावरून त्यांच्या नातलगांनी २००३ साली होंडांवर दावा लावला. २००६ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयातही टिकला नाही. धमक्यांमुळे होंडा चारचौघांत केसांचा टोप आणि काळा चष्मा घालून वावरत.