पाते परमुलखाचे, मूठ आपली

भोर आणि वेल्हे ही मावळातल्या शस्त्रांची माहेरघरे. रोहिडखोऱ्यातल्या कारीचे कान्होजी जेधे, मोसेखोऱ्याचे बाजी पासलकर ही शिवकाळातली नावे इथली. राजगड आणि तोरणा हे किल्लेही १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत भोरच्या पंतसचिवांकडे होते. साहजिकच खंडेनवमीला पुजली जाणारी प्रत्येक जुनी तलवार शिवकाळातली मानण्याकडे ओढा असतो आणि दाखला म्हणून पात्याकडे बोट दाखवले जाते. माझे म्हणणे वेगळे आहे: शस्त्र कोणाच्या हातात होते हे पात्यापेक्षा मूठ जास्त खात्रीने सांगते.

याचे कारण घडणीतच आहे. मराठी तलवारीच्या पोकळ लोखंडी मुठीत लाख-राळेचे मिश्रण भरून पात्याचा शेपटा गरम करून त्यात रोवत. पुन्हा तापवले की पाते सुटे होई. म्हणून युरोपातून आलेल्या लांब पात्याला इथली मूठ चढवली की फिरंग तयार होई. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांनी १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्रज युवराजाला दिलेल्या, आज लंडनच्या राजसंग्रहातल्या तलवारीचेही पाते युरोपीय आहे. बंदुकीला लावायच्या संगिनीच्या मुठीची रीत याच्या उलट. १९०७ च्या इंग्रजी नमुन्यात पाते आणि शेपटा एकसंध असून दोन्ही अंगांना लाकडाच्या फळ्या स्क्रूने आवळलेल्या असतात; त्याआधीच्या काही संगिनींवर चौकड्यांचे दाबलेले चामडे रिव्हेटांनी बसवत. इथे मुठीचा पदार्थच काळ सांगतो. तो ओळखायला भिंग पुरते: लाकडात रेषा आणि रंध्रे, हाडात बारीक काळपट ठिपके, हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषा. तापलेली सुई टोचून पाहणे म्हणजे पुरावाच जाळणे.

मूठ बदलता येत असेल तर तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा, हा आक्षेप रास्त आहे. पण पात्यावरचा कारागिराचा ठसाही निर्णायक नाही, कारण विलायती ठशांच्या नकला हिंदुस्थानात सर्रास होत. शिवाय बदललेली मूठ खोटी ठरत नाही; ते शस्त्र पुढच्या पिढीनेही हाताळले, याची ती साक्ष असते. मुठीवरची झीज आणि डाग, फटीतून दिसणारी जुनी लाख हे सगळे वापराचे पुरावे आहेत. उजळवण्याच्या भरात तेच घासले जातात, सैल मुठीत नवे रसायन ओतले जाते. घराण्याचा मान शस्त्र शिवकाळातलेच असण्यावर अवलंबून नाही. म्हणून दसऱ्याला शस्त्र उजळण्याआधी मुठीची छायाचित्रे आणि मापे घ्यावीत, आणि मूठ उकलण्याचे काम जाणकाराखेरीज कोणाकडे देऊ नये.