अकोल्यातले बाळंतपण: घर, दवाखाना आणि पुन्हा घर

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगडाच्या आसऱ्याने महादेव कोळी व ठाकरांच्या वाड्यावस्त्या पसरल्या आहेत. विसाव्या शतकाचा बराच काळ तिथे बाळंतपण घरातच होई. सुईण नाळ कापी, बाळाला न्हाऊमाखू घाली, बाळंतिणीला शेक देई आणि पाचवीपर्यंत येत-जात राही. मोबदला बहुधा धान्याचा किंवा लुगड्याचा असे. मूल आडवे आले किंवा रक्तस्राव थांबेना, तर मात्र तिच्या हाती फारसे काही नसे. मग झोळी करून बाईला डोंगर उतरवावा लागे. पावसाळ्यात तेही जमेलच असे नव्हते.

याच डोंगरांत भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. पाणी मात्र खालच्या प्रवरा नदीकाठाला गेले. तिथे ऊस आला, साखर कारखाना आला आणि डॉक्टरही त्या पैशामागे गेले. लोणी-संगमनेरकडे मोठे दवाखाने उभे राहिले. घाटमाथ्याच्या वाट्याला प्राथमिक आरोग्य केंद्र व उपकेंद्र आले. आदिवासी व डोंगराळ भागासाठी सरकारी निकष २०,००० लोकांमागे एक केंद्र आणि ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र असा आहे. चढउताराच्या मुलखात लोकसंख्येपेक्षा अंतर मोजले असते, तर ते अधिक शहाणपणाचे झाले असते.

डॉक्टर पोहोचत नाही तिथे गावातल्याच बाईला शिकवावे, हा विचार अकोले तालुक्याच्याच जिल्ह्यात रुजला. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले आणि निरक्षर बायकांनाही आरोग्यसेविका म्हणून तयार केले. पुढे गडचिरोलीत अभय व राणी बंग यांनी ३९ गावांत नवजात बाळांची घरीच देखभाल करण्याचा प्रयोग केला. गावातल्या प्रशिक्षित बाया घरी जाऊन बाळाचे वजन करीत, ऊब देत आणि जंतुसंसर्ग ओळखून औषधही देत. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी भरले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले.

सरकारचा मुख्य रोख मात्र बाळंतपण दवाखान्यात नेण्यावर राहिला. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान, गावातलीच आरोग्य कार्यकर्ती म्हणजे ‘आशा’ आणि जननी सुरक्षा योजना आली. महाराष्ट्रात दवाखान्यात बाळंत होणाऱ्या ग्रामीण लाभार्थी महिलेला ७०० रुपये ठरले. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, औषधे व येण्याजाण्याचे वाहन मोफत केले. सुईणीचे काम त्यामुळे आटत गेले.

पण दवाखान्यातला मुक्काम साधारण ४८ तासांचा. त्यापुढची काळजी पुन्हा घरावर आली. म्हणून २०११ मध्येच गडचिरोलीच्या धर्तीवर आशांच्या गृहभेटी देशभर लागू झाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट द्यायची. घरी जन्मलेल्यासाठी पहिल्या दिवसाची भेट जादा. वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ आणि ब्लँकेट हे तिचे साहित्य. बाळ दूध ओढते का, अंग गार पडले का, धाप लागते का, हे ती पाहते व सासूलाही पाहायला शिकवते. सगळ्या भेटी पुऱ्या झाल्यावर तिला २५० रुपये ठरले; पगार नाहीच, कारण कागदोपत्री ती स्वयंसेविका. सह्याद्रीच्या पावसात वाडीवर सहा वेळा चढून जाण्याचा हा भाव फारच अपुरा आहे. २०१८ पासून तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत आणखी पाच भेटींची भर पडली.