माणदेशी ओळख : भाषा आणि वक्तृत्व

माण नदीच्या खोऱ्यातील लोकांची, बोली, लेखन आणि जाहीर बोलणे यांतून घडलेली ओळख. माणदेश नावाचा जिल्हा वा तालुका नाही. साताऱ्यातील माण, सांगलीतील आटपाडी आणि सोलापुरातील सांगोला या तालुक्यांत हा पर्जन्यछायेचा मुलूख विभागलेला आहे. तरीही तेथील माणूस स्वतःला ‘माणदेशी’ म्हणवतो. ओळख आणि वक्तृत्व यांचे नाते जुने आहे : वक्त्याचे चारित्र्य हे त्याच्या युक्तिवादाचेच एक साधन असते, असे ॲरिस्टॉटलने मांडले. अमेरिकी समीक्षक केनेथ बर्क यांनी 1950 मध्ये वक्तृत्वाचे मूळ वक्ता व श्रोता यांच्या तादात्म्यात शोधले. माणदेशात या दोन्ही गोष्टींचा प्रत्यय येतो.

बोली व लोकपरंपरा : ‘हाय’, ‘न्हाई’, ‘व्हतं’, ‘लई’, ‘वाईच’ ही रूपे येथील बोलण्यात सतत येतात, शेजारच्या मुलखातही ती आढळतात. धनगरांच्या ओव्या आणि सुंबरान (दैवताचे स्मरण करणारे गायन) यांतून वंश, दैवत आणि मेंढरांमागची भटकंती पुढच्या पिढीला सांगितली जाते. म्हसवडला मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथोत्सव भरतो. त्या वेळी ‘चांगभलं’चा गजर करणारा प्रत्येक जण आपण नाथाच्या भक्तगणातले आहोत, हे सर्वांसमक्ष सांगत असतो.

साहित्य : ‘माणदेशी’ या ओळखीला मराठी वाचकांत मान मिळवून दिला तो व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘माणदेशी माणसं’ (1949) या व्यक्तिचित्रसंग्रहाने. निवेदन प्रमाण मराठीच्या जवळचे आणि संवाद बोलीत, अशी त्यांची रीत आहे. त्यामुळे ही माणसे स्वतःच्या तोंडाने बोलतात. ‘बनगरवाडी’ (1955) या कादंबरीत धनगरवाडीवर आलेल्या तरुण शिक्षकाला सारे ‘मास्तर’ म्हणतात आणि शाळेबाहेरचे तंटे, अडचणीही त्याच्याकडे आणतात. हाकेबरोबर आलेली जबाबदारी तो पेलत जातो आणि तसाच घडत जातो.

लादलेली ओळख व आत्मकथन : आटपाडीचे शंकरराव खरात (जन्म 1921) यांच्या घराकडे तराळकी, म्हणजे वंशपरंपरेने आलेली गावाची चाकरी, होती. गावकीच्या या कामाबरोबर जातीचा हीनपणाही चिकटलेला होता. तेच नाव त्यांनी ‘तराळ-अंतराळ’ या आत्मचरित्राच्या शीर्षकात घेतले आणि आपला प्रवास स्वतःच्या शब्दांत मांडला. मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि 1984 च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. ज्याची ओळख इतरांनी ठरवली होती, त्याने स्वतःबद्दल ‘मी’ म्हणून लिहिणे, हे दलित आत्मकथनांचे मोठे सामर्थ्य या लेखनात दिसते.

म्हसवडची महिला बँक : सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने म्हसवडच्या स्त्रियांनी सहकारी बँकेसाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. प्रवर्तक सभासदांपैकी अनेकींनी सहीऐवजी अंगठे उमटवले होते; त्या निरक्षर आहेत म्हणून अर्ज नाकारला गेला. स्त्रियांनी साक्षरतेचे वर्ग लावले, सही शिकल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. वाचता येत नसले तरी हिशेब येतो, कोणत्याही रकमेचे व्याज तोंडी करून दाखवतो, तुमच्या माणसांनाही तसेच करायला सांगा, असा त्यांचा युक्तिवाद होता. परवाना मिळाला आणि 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ‘निरक्षर’ हा शिक्का बाजूला सारून स्वतःला ‘हिशेब जाणणाऱ्या’ म्हणून उभे करणे, हेच त्या बोलण्याचे बळ होते. म्हसवडहून 2008 मध्ये सुरू झालेल्या ‘माणदेशी तरंग वाहिनी’ या सामुदायिक रेडिओने (90.4 एफएम) स्थानिक लोकांचे बोलणे प्रसारणात आणले.

मूल्यमापन : भाषा ओळख उभी करते, तशी ती माणसाला खालीही ढकलते. बोलीत बोलणाऱ्या मुलाला ‘अशुद्ध’ म्हटले की ते वर्गात गप्प बसू लागते. म्हसवडच्या स्त्रिया अक्षरे शिकल्या, पण आपली बाजू त्यांनी स्वतःच्याच शब्दांत मांडली. लिपी व प्रमाण भाषा शिकण्यासाठी घरची बोली सोडावी लागत नाही, हे माणदेशाने लेखनातून आणि व्यवहारातून सिद्ध केले आहे.