‘महिंद्रा अँड मोहम्मद’ आणि खुर्चीमागचा दरवाजा

नळदुर्गहून तुळजापूरला किंवा उमरग्याला जायचे तर काळी-पिवळी जीप हे आपल्याकडचे जुने वाहन. आत दहा माणसे, टपावर बोचकी, मागे लटकलेली दोन पोरे. या जिपांच्या नाकावर वर्षानुवर्षे एकच नाव वाचले, महिंद्रा. कंपनीचे पूर्ण नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’. पण यातला दुसरा ‘महिंद्रा’ मुळात महिंद्रा नव्हता. तो मोहम्मद होता. आणि हा मोहम्मद आपल्या उस्मानाबादला अजिबात परका नव्हता. या जिल्ह्याचा शेतसारा ज्या तिजोरीत जात होता, त्या तिजोरीच्या किल्ल्या काही वर्षे त्याच्याकडे होत्या.

मलिक गुलाम मोहम्मद. जन्म लाहोरचा, 1895चा. शिक्षण अलिगढला, नोकरी इंग्रज सरकारच्या हिशेब खात्यात. हिशेबात पक्का माणूस म्हणून नाव झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे अर्थमंत्री झाले. त्या संस्थानात मराठवाड्याचे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाचही जिल्हे होते. म्हणजे परंड्याच्या किंवा कळंबच्या कुणब्याच्या दृष्टीने ‘सरकारचा खजिना’ म्हणजे हेच साहेब.

अर्थमंत्रिपदानंतर गुलाम मोहम्मद टाटा उद्योगसमूहात संचालक म्हणून गेले. 2 ऑक्टोबर 1945 रोजी के. सी. महिंद्रा आणि जे. सी. महिंद्रा या भावांबरोबर त्यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. धंदा पोलादाच्या व्यापाराचा. जीप नंतर आली. युद्धकाळात के. सी. महिंद्रा हे अमेरिकेतल्या भारत सरकारच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख होते. गुलाम मोहम्मद यांनीही केंद्र सरकारच्या पुरवठा-खरेदीचे काम सांभाळलेले होते. युद्ध संपले तेव्हा देशात कोणता माल कुठे आहे, कोणाला हवा आहे आणि कोणत्या टेबलावर सही लागते, हे जाणणारी माणसे एकत्र आली. नव्या कंपनीचे खरे भांडवल ते होते.

1947 साली फाळणी झाली. गुलाम मोहम्मद कराचीला गेले आणि पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. 1948 मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. ‘एम अँड एम’ ही आद्याक्षरे तशीच राहिली. पुढे 1951 मध्ये ते पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. 1953 मध्ये त्यांनी पंतप्रधान ख्वाजा नाझिमुद्दीन यांना घरी पाठवले आणि 1954 मध्ये संविधान सभाच बरखास्त केली. मंत्रालयातून कंपनीत आणि कंपनीतून परत मंत्रालयात. 1956 मध्ये त्यांचे निधन झाले.

यात बेकायदा काय, असे कोणी विचारेल. काहीच नाही. गुलाम मोहम्मद यांनी निजामाच्या पैशाला हात लावला, असा आरोप मी करत नाही. प्रश्न वेगळा आहे. सरकारी खुर्चीवर बसून मिळालेली ओळख आणि माहिती कोणाच्या मालकीची? ज्या रयतेच्या पैशावर ती खुर्ची उभी होती तिची, की खुर्ची सोडून जाणाऱ्याची?

हैदराबादला हा प्रश्न नवा नव्हता. साठ वर्षे आधी तो थेट लंडनच्या संसदेत पोहोचला होता. अब्दुल हक, म्हणजे सरदार दिलेर जंग, हे निजामाच्या सरकारात गृहखात्याचे सचिव होते. निजामाच्या रेल्वेसाठी लंडनमध्ये भांडवल उभे करायच्या वाटाघाटी त्यांच्याकडे होत्या आणि रेल्वे कंपनीत ते सरकारच्या वतीने संचालक होते. 1886 मध्ये संस्थानातल्या खनिजांचा 99 वर्षांचा मक्ता वॉटसन आणि स्ट्युअर्ट या दोन इंग्रजांना मिळाला. त्यांनी लंडनमध्ये ‘हैदराबाद डेक्कन कंपनी’ काढली. भांडवल दहा लाख पौंड, दहा पौंडांचा एक याप्रमाणे एक लाख शेअर. त्यातले 85 हजार शेअर मक्तेदारांनी मक्त्याच्या मोबदल्यात स्वतःकडेच ठेवले. पुढे याच कंपनीचे शेअर निजाम सरकारच्या पैशाने चढ्या भावाने विकत घेण्यात आले. खरेदी करणारे अब्दुल हक, आणि शेअर विकणाऱ्यांच्या बाजूलाही अब्दुल हकच. एकाच माणसाचा एक हात सरकारच्या खिशात आणि दुसरा कंपनीच्या.

1888 मध्ये हे उघडकीला आले. अब्दुल हक यांना पदावरून दूर करण्यात आले आणि ब्रिटिश संसदेची चौकशी समिती बसली. तिच्यापुढे निजामाची बाजू मांडायला मेहदी अली, म्हणजे मोहसिन-उल-मुल्क, लंडनला गेले. पुढे अलिगढच्या चळवळीत सर सय्यद यांचा वारसा सांभाळणारे तेच हे मोहसिन-उल-मुल्क. हे मुद्दाम सांगतो. निजामी राजवट म्हटले की सगळे एकाच रंगात रंगवायची आपल्याकडे सवय आहे. त्याच दरबारात लुटणारा होता आणि लुटीचा हिशेब मागायला सातासमुद्रापलीकडे जाणाराही होता. दोघेही मुसलमान होते.

आता उलट्या दिशेने आलेला माणूस पाहू. मीर लायक अली हे अभियंते आणि उद्योगपती. सिरपूर पेपर मिल्स, बोधनचा निजाम साखर कारखाना अशा उद्योगांशी त्यांचे नाव जोडलेले. या उद्योगांना संस्थानाच्या तिजोरीचा मोठा आधार होता. 1929 मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक निधीतून सरकार कारखान्यांमध्ये पैसा घालत असे. 1947 च्या अखेरीस हाच उद्योगपती हैदराबादचा पंतप्रधान झाला. कंपनीतून आलेला माणूस राज्यही कंपनीसारखे चालवू पाहतो. पाकिस्तानला वीस कोटी रुपयांच्या रोख्यांचे कर्ज देण्यात आले. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक पैसे घेऊन कराचीहून विमानाने शस्त्रे आणू लागला. या सौद्यांबद्दल रयतेला कोणी विचारले नाही, मग ती हिंदू असो वा मुसलमान. भारतात सामील व्हावे असे लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट 1948 मध्ये खून झाला.

निजामाची वकिली करायला एक बडा इंग्रज होता, सर वॉल्टर मॉन्कटन. दिल्लीत माउंटबॅटन यांच्याशी बोलणी करायची आणि लंडनमध्ये चर्चिल यांच्या हुजूर पक्षातल्या मित्रांच्या कानावर हैदराबादची बाजू घालायची, हे त्यांचे काम. आजच्या भाषेत लॉबिंग. वाटाघाटी जून 1948 मध्ये फिसकटल्या आणि मॉन्कटन मायदेशी गेले. तिथे 1951 मध्ये कामगारमंत्री झाले, मग संरक्षणमंत्री. 1957 मध्ये मंत्रिमंडळ सोडले आणि मिडलँड बँकेचे अध्यक्ष झाले. दरवाजा फिरता असेल तर माणूस कुठूनही आत येतो आणि कुठूनही बाहेर पडतो.

पण या दरवाज्याला उस्मानाबादच्या बाजूने कडीच नव्हती.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य सोलापूरहून निघाले. पहिली चकमक नळदुर्गला, बोरी नदीच्या काठी झाली. 17 तारखेला निजामाने शस्त्रे खाली ठेवली. त्याआधी रझाकारांनी या भागातल्या गावांवर जे अत्याचार केले, ते आपण विसरू नयेत. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. पण त्यानंतर जे घडले, तेही झाकू नये. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानात 27 ते 40 हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. मारले गेलेले बहुतांश मुसलमान. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होते. गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे बाकीचे तीन.

मारले गेलेले कोण होते? पिंजारी, अत्तार, मोमीन, बागवान, मोलमजुरी करणारे. त्यांच्यापैकी कोणी मक्ता घेतला नव्हता, कोणाचे लंडनच्या बँकेत खाते नव्हते. खाते होते ते सरकारचे. शरणागतीनंतर तीन दिवसांनी, 20 सप्टेंबरला, परराष्ट्र आणि अर्थ खात्याचे मंत्री मोईन नवाज जंग यांच्या सांगण्यावरून त्या खात्यातले 10 लाख 7 हजार 940 पौंड पाकिस्तानच्या लंडनमधल्या उच्चायुक्तांच्या नावावर गेले. मोईन नवाज जंग हे लायक अलींचे मेहुणे. निजामाने आठवड्याभरात पैसे परत मागितले. निकाल लागला 2 ऑक्टोबर 2019 रोजी, एकाहत्तर वर्षांनी. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. लंडनच्या न्यायालयाने ती निजामाचे वारस आणि भारत सरकार यांची ठरवली. उस्मानाबादच्या विधवांचा त्यात वाटा असण्याचा प्रश्नच नव्हता.

लायक अली मार्च 1950 मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेले. कासिम रझवी 1957 मध्ये सुटका झाल्यावर तिकडेच गेला. राहिले ते इथले. ‘निजामाची औलाद’ हा टोमणा पिढ्यानपिढ्या त्यांनाच ऐकावा लागला. 2023 मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, तेव्हाही निजामाचा हिशेब याच माणसांकडे मागण्यात आला. ज्या निजामाच्या मंत्र्यांनी कंपन्या काढल्या, पदे मिळवली आणि देश बदलले, त्यांच्याशी या पिंजाऱ्या-बागवानाचे नाते एवढेच होते की सारा त्यानेही भरला होता.

आजही आपल्याकडे याबाबत कायदा लंगडाच आहे. आयएएस अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभराच्या आत खासगी कंपनीत जायचे तर सरकारची परवानगी लागते. मंत्र्याला असे कायदेशीर बंधन नाही. तो आज खाते सोडून उद्या त्याच खात्याशी व्यवहार करणाऱ्या कंपनीत बसू शकतो. लॉबिंग उघड करायला लावणारे खासगी विधेयक 2013 मध्ये लोकसभेत आले, पण त्याचा कायदा झाला नाही. आपल्या मराठवाड्यात तर मंत्रिपद सुटायची वाट पाहायचीही गरज नसते. कारखान्याचा चेअरमन, बँकेचा संचालक, शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष आणि मंत्री, ही सगळी नावे कितीदा एकाच घरात असतात. तिथे दरवाजा फिरायचा प्रश्न येत नाही, कारण मध्ये भिंतच नाही. उसाचे बिल थकले की शेतकऱ्याने ज्याच्याकडे तक्रार करायची, तोच त्याचा देणेकरी असतो.

म्हणून इतिहास वाचताना राजाचा धर्म विचारण्याआधी त्याच्या मंत्र्यांचा हिशेब विचारावा, असे मला वाटते. पुढच्या वेळी काळ्या-पिवळी जिपेत दाटीवाटीने बसाल, तेव्हा त्या नावातला पुसला गेलेला मोहम्मद आठवा. त्याचे नाव पाटीवरून गेले, पण तोवर तो दुसऱ्या देशाच्या अर्थमंत्र्याच्या खुर्चीत पोहोचला होता. नळदुर्गच्या बागवानाला मात्र अशी दुसरी खुर्ची नव्हती.