अंदाजपत्रकाचा आकडा आणि रयतेचें उत्तर



सरकारी जमाखर्च हा विषय रुक्ष आहे अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु इतिहास चाळतांना असें दिसून येतें कीं, राजधानींत बसून जो आकडा लेखणीच्या एका फटकाऱ्यानें कमी केला जातो, त्याचे पडसाद शेंकडों कोसांवरील खेड्यांत उमटतात, आणि तेथील माणसें आपापल्या रीतीनें त्याचें उत्तर देतात. आज मी अशाच एका दशकाची हकीगत सांगणार आहें. काल इसवी सन १८६९ ते १८७९. स्थळ पुणें व नगर हे जिल्हे, आणि त्यांतही विशेषेंकरून माझें राळेगणसिद्धी हें गांव ज्यांत मोडतें तो पारनेर तालुका. नगर जिल्ह्यास आतां अहिल्यानगर हें नांव मिळालें आहे. जुन्या हकीगतींत मी जुनेंच नांव वापरीन.

१८५७ च्या उठावाचा बीमोड करण्यास जो खर्च आला तो कर्जाच्या रूपानें हिंदुस्थानच्याच माथीं बसला. ती तूट भरून काढण्यासाठीं जेम्स विल्सन या अर्थशास्त्रज्ञास विलायतेहून पाठविण्यांत आलें व त्यानें १८६० सालीं या देशाचें पहिलें रीतसर अंदाजपत्रक मांडून प्राप्तीवरील कर सुरू केला. तो कर १८६५ सालीं उठला. परंतु तूट मात्र उठली नाहीं. १८६९ च्या आरंभीं लॉर्ड मेयो व्हाइसरॉय होऊन आला, तेव्हां खर्चाचा मेळ बसत नाहीं असें त्यास दिसून आलें. त्यानें दोन उपाय योजिले. पहिला काटकसरीचा: सार्वजनिक बांधकामें व शिक्षण या खात्यांचा खर्च तोडला. लष्करी खर्चांतही काटछाट व्हावी असा त्याचा प्रयत्न होता, हें न्यायाच्या दृष्टीनें सांगितलें पाहिजे. दुसरा उपाय करवाढीचा: प्राप्तीवरील कर, जो वर्षाच्या प्रारंभीं शेंकडा एक होता, तो वर्षाच्या मध्यावरच वाढविला, आणि पुढच्या वर्षीं तर रुपयामागें सहा पै, म्हणजे शेंकडा सव्वातीन रुपयांच्या जवळपास नेऊन ठेविला. त्याच सुमारास मुंबई इलाख्यांतील मिठाचा कर मणामागें दीड रुपयाचा एक रुपया तेरा आणे झाला.

प्राप्तीवरील कराचा बोजा शहरांतील व्यापारी, नोकरदार व सुखवस्तु लोक यांच्यावर पडला, आणि त्यांस लिहितां-बोलतां येत होतें. त्यामुळें पहिलें उत्तर मिळालें तें अर्जाच्या रूपानें. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० च्या एप्रिलांतच स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, ते या सभेचे प्राण होते. १८७१ पासून न्यायमूर्ति रानडे यांच्या बुद्धीचेंही पाठबळ सभेस लाभलें. वृत्तपत्रें, सभा व अर्ज यांचा असा मारा देशभर सुरू झाला कीं, कराचा दर सरकारनें उतरविला व १८७३ सालीं कर साफ रद्द केला. बोलक्या वर्गाच्या तक्रारीची दाद अशी चार वर्षांत लागली.

परंतु ज्याला अर्ज लिहितां येत नव्हता त्याचें काय? सरकारच्या उत्पन्नाचा मोठा आधार जमीनमहसूल हाच होता. इंदापूर तालुक्यांतून सुरू झालेल्या पहिल्या मोजणीची तीस वर्षांची मुदत १८६६ च्या सुमारास संपली आणि फेरआकारणीस आरंभ झाला. तो काळ मोठा फसवा होता. अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असल्यामुळें आमच्या कापसास सोन्याचा भाव आला होता, आगगाडीच्या कामांवर मजुरी चांगली मिळत होती, आणि धान्यही महाग होतें. मोजणी-अधिकाऱ्यांनीं ही भरती कायमची धरून आकारणी केली. पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागांत ती सरासरीनें निम्म्याहून अधिक वाढली. इकडे १८६५ सालीं युद्ध संपलें, कापूस उतरला, त्यामागोमाग धान्यही उतरलें. पण नवा सारा मात्र पुढील तीस वर्षांसाठीं कागदावर कायम झाला. सार्वजनिक सभेनें शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करून १८७३ सालीं अहवाल प्रसिद्ध केला. शेवटीं १८७४ सालीं सरकारनें मर्यादा घातली कीं, एकंदर तालुक्यावर शेंकडा ३३, एका गांवावर ६६ व एका खातेदारावर १०० यांहून अधिक वाढ होऊं नये.

आतां साऱ्याच्या हप्त्याची रीत ध्यानांत घेतली पाहिजे. हप्त्याच्या दिवशीं बहुतेक कुळांच्या हातीं रोकड नसे. सावकार हप्ता भरी आणि कूळ त्यास खत लिहून देई. म्हणजे सरकार व रयत यांच्यामध्यें सावकाराची वही उभी होती. १८७५ च्या फेब्रुवारींत सरकारनें दयाबुद्धीनेंच असा हुकूम काढला कीं, सारा थकला तर प्रथम जंगम मालमत्ता विकावी, जमिनीस एकदम हात लावूं नये. हेतु चांगला, परिणाम उलटा. जमीन लिलावांत जाण्याचें भय उरलें नाहीं असें पाहून सावकारांनीं हप्ता भरण्याचें नाकारलें, आणि जुन्या खतांचा तगादा मात्र चालूच ठेविला. घरांतील भांडींकुंडीं व गुरें जप्त होण्याची पाळी आली.

शिरूर तालुक्यांतील कर्डे गांवीं १८७४ च्या अखेरीसच सावकारांवर बहिष्कार पडला होता. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं, जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला. आणि थोड्याच दिवसांत हा वणवा नगर जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरला. या दंग्यांचें एक वैशिष्ट्य आहे. जमावाची मागणी खतें व वह्या यांची असे. त्या हातीं आल्या कीं चव्हाट्यावर जाळीत, आणि शरीरास इजा करण्याचे प्रकार विरळाच घडले. लष्कर आलें, ९५१ इसमांस अटक झाली व त्यांपैकीं ५०१ जणांस शिक्षा झाली.

येथें एक शंका घेतली पाहिजे, कारण तिचा उलगडा केल्यावांचून इतिहास एकांगी होईल. पारनेर तालुक्याची पहिली मोजणी इंदापूरच्या नंतरची; तिची मुदत १८७५ सालीं अद्याप भरली नव्हती. म्हणजे वाढीव सारा आमच्या तालुक्यावर बसलाच नव्हता. मग दंगा येथें कां झाला? चौकशी-मंडळानें मुख्य दोष कर्जबाजारीपणा व दिवाणी कोर्टांची पद्धत यांच्याकडे दिला. मंडळाचे एक सभासद ऑकलंड कॉल्विन यांनीं मात्र साऱ्याच्या कडक पद्धतीवरही बोट ठेविलें. मला वाटतें, दोन्ही मतें परस्परांस पूरक आहेत. सारा वाढला नसला तरी भाव कोसळल्यानें तोच सारा जड झाला होता. आणि शेजारच्या तालुक्यांत काय घडलें तें पाहून सावकारानें हात आंखडला होता. पत आटली कीं, कर न वाढतांही त्याचा भार वाढतो.

पुढें १८७६ सालीं पाऊस पडला नाहीं. सरकारी काटकसरीचें अतिशय उघडें रूप या दुष्काळांत दिसलें. सर रिचर्ड टेंपल यानें दोनतीन वर्षांपूर्वीं बिहारच्या दुष्काळांत सढळ हातानें खर्च करून माणसें वांचविलीं होतीं, आणि उधळपट्टीबद्दल त्याच्यावर टीका झाली होती. तोच अधिकारी १८७७ च्या जानेवारींत काटकसरीची आज्ञा घेऊन दक्षिणेंत आला, आणि दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाकाठीं एक रत्तल धान्य व वर किरकोळ पैसे पुरेसे आहेत असें त्यानें ठरविलें. तेव्हां उपाशी मजुरांनीं जें उत्तर दिलें तें अपूर्व होतें. दंगा न करतां, कोणावर हात न उगारतां, हजारों माणसें कामें सोडून निघून गेलीं. सार्वजनिक सभेनें ठिकठिकाणची माहिती जमवून त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. अर्ज लिहिणारा आणि खडी फोडणारा हे या प्रसंगीं प्रथमच एका बाजूस उभे राहिले, आणि या दशकांतील सर्वांत महत्त्वाची घटना मी हीच मानतों. मजुरांच्या श्रमांतून उभी राहिलेली धोंड-मनमाड आगगाडी नगरावरून १८७८ सालीं सुरू झाली व पुढेंही धांवत राहिली.

दुष्काळ ओसरतांच त्याचें बिल आलें. पुढील दुष्काळांसाठीं दरसाल दीड कोटि रुपयांची तरतूद करावयाची म्हणून व्यापारधंद्यावर परवाना-कर बसविला, आणि मुंबई इलाख्यांतील मिठाचा कर एक रुपया तेरा आण्यांवरून अडीच रुपये केला. वर्षाकाठीं शंभर रुपये मिळविणारा किरकोळ दुकानदारही परवाना-करांत सांपडला. मोठा पगारदार अधिकारी मात्र सुटला. १८७८ च्या एप्रिलांत सुरतेस दुकानें बंद पडलीं, दंगा झाला व गोळीबार झाला. त्याच वर्षीं देशी वृत्तपत्रांचें तोंड बांधणारा कायदा आला. लोकांचा खरा संताप मात्र पुढें झाला. दुष्काळाचें नांव घेऊन जमविलेला पैसा दुष्काळासाठीं राखून न ठेवतां अफगाणिस्तानच्या युद्धाच्या काळांत इतरत्र वळविला गेला, आणि १८७९ सालीं मँचेस्टरच्या जाड्याभरड्या कापडावरील जकातही माफ झाली. त्याच वर्षीं वासुदेव बळवंत फडके यांनीं शस्त्र उचललें. पारनेरला लागून असलेल्या शिरूर तालुक्यांतील धामारी येथें त्यांच्या टोळीचा पहिला छापा पडला. त्यांच्या जाहीरनाम्यांतील मागण्या पाहाव्या: सारा कमी करा, लोकांस कामें द्या, बड्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार उतरवा. बंडखोराच्या जाहीरनाम्यांत एक पर्यायी अंदाजपत्रकच होतें!

सरकारचें उत्तर नेहमींप्रमाणें दोन पावलांचें होतें: आधीं शिक्षा, मग सूट. १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. १८८० सालीं पांचशें रुपयांखालील प्राप्ति परवाना-करांतून मुक्त झाली. मिठाची गोष्ट मात्र लांबली. रानड्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनीं २६ मार्च १९०२ रोजीं कलकत्त्याच्या कायदे-कौन्सिलांत, रयत दुष्काळानें गांजलेली असतां सरकारच्या तिजोरींत शिल्लक पडते हें समृद्धीचें लक्षण नव्हे, असें आकड्यांनिशीं सिद्ध केलें; आणि १९०३ पासून मिठाचा कर उतरूं लागला. १९२३ सालीं काटकसर-समितीच्या कुऱ्हाडीबरोबरच तो पुन्हां दुप्पट झाला, परंतु लोकमतापुढें एका वर्षांत मागें घ्यावा लागला. १९३० सालीं काय झालें तें आपण सर्व जाणतां.

या हकीगतीवरून मी कोणतें अनुमान काढतों? लोक कराचाच द्वेष करतात असें नाहीं. पारनेरच्या दंग्यास शंभर वर्षें झालीं त्याच १९७५ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमी योजनेसाठीं व्यवसाय-कर बसला. १९७२ च्या दुष्काळांत वि. स. पागे यांनीं पुढें केलेली ती योजना. कर नोकरदारावर, काम खेड्यांतील मजुरास, आणि वसुलीइतकीच रक्कम सरकारनें आपल्या तिजोरींतून घालावयाची. त्यावर सुरत पेटली नाहीं. १८७८ च्या करांत आणि या करांत भेद रकमेचा नव्हे, वचनाचा आहे. भार कोणावर पडतो, पैसा कोठें जातो, आणि सांगितलें होतें तेथेंच जातो कीं नाहीं, हे तीन प्रश्न रयत विचारते. मग ती साक्षर असो वा निरक्षर. त्यांचें सरळ उत्तर मिळालें तर ती पोटास चिमटा घेऊनही कर देते. न मिळालें तर ती प्रथम अर्ज करते, नंतर काम सोडते, आणि शेवटीं वह्या जाळते. ज्याच्या हातीं अंदाजपत्रकाची लेखणी आहे त्यानें हा क्रम विसरूं नये, इतकेंच सांगून मी आपली रजा घेतों.