मुक्कामाचे झाले नगर

श्रोतेहो, इतिहासाची सहल म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले उभे राहतात, लेणी उभी राहतात. ते योग्यच आहे. पण आज मी तुम्हांला अशा ठिकाणी नेणार आहे, की ज्याला कोणी प्रेक्षणीय म्हणत नाही. ते ठिकाण म्हणजे ठाणे जिल्ह्यातले शहाड आणि त्याला लागून पसरलेले उल्हासनगर. समजा, आईवडील, दोन मुले आणि आजी असे एक कुटुंब माळशेज घाट उतरून एसटीने आले आणि शहाडला एका साध्या लॉजवर उतरले. हाताशी एकच दिवस आहे. त्यांनी काय पाहावे?

सकाळी प्रथम नदी पाहावी. राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर करीत इथे येते आणि पुढे कल्याणच्या खाडीला मिळते. कल्याण हे फार जुने बंदर. जुन्नरचा माल नाणेघाटाने उतरून याच बाजूने बंदरावर जाई. सातवाहनांच्या काळी बैलांचे तांडे चालले, आज त्याच दिशेने मुरबाडची एसटी धावते. १८५४ साली आगगाडी कल्याणला पोहोचली आणि पुढे तिला दोन फाटे फुटले. एक कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. शहाड पहिल्या फाट्यावर आहे आणि उल्हासनगर या दोन फाट्यांच्या बेचक्यात वसले आहे. मुलांनी हा नकाशा पाटीवर काढून पाहावा, म्हणजे पुढची गोष्ट सोपी जाईल.

आजींना आधी दर्शन हवे असणार. शहाडला सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्याजवळ बिर्लांनी बांधलेले विठ्ठल-रखुमाईचे मंदिर आहे. लोक त्याला प्रतिपंढरपूर म्हणतात, आणि आषाढीला तिथे मोठी रांग लागते. कारखान्याच्या कामासाठी घाटावरून, खानदेशातून माणसे आली, त्यांना आपला विठोबा इथे भेटला. मूळ गाव सुटले, पण देव सुटला नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, ती पुन्हा भेटणार आहे.

आता रिक्षाने उल्हासनगरात शिरू. पहिल्याच पाटीवर मुले अडखळतील: 'कॅम्प नंबर एक'. पुढे दोन, तीन, चार, पाच. पत्त्यात गल्लीचे नाव नाही, तर सेक्शनचा आणि बराकीचा नंबर. भरल्या बाजाराच्या गावाला कॅम्प का म्हणतात?

त्याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात आहे. समुद्रापलीकडे जाणाऱ्या, तिकडून येणाऱ्या सैनिकांना चार दिवस थांबण्यासाठी सरकारने इथे 'कल्याण कॅम्प' उभारला. लांबच लांब बराकी बांधल्या. त्या संसारासाठी नव्हत्याच, वाटेवरचा तळ होता तो. युद्ध संपले, सैनिक गेले, बराकी ओस पडल्या.

तेवढ्यात १९४७ ची फाळणी झाली. इथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे. पंजाबची फाळणी झाली, बंगालची झाली. त्यांचा निम्माशिम्मा मुलूख भारतात राहिला. सिंध मात्र सगळाच्या सगळा पाकिस्तानात गेला. सिंधी हिंदूंना भारतात स्वतःचा म्हणावा असा एक तालुकासुद्धा उरला नाही. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि मागे रेंगाळलेल्यांनीही घरे सोडली. कराचीहून बोटी भरभरून मुंबईला लागल्या. मुंबईच का? तर १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कोर्टकचेरी, व्यापार, शिक्षण या सगळ्यांसाठी मुंबईची वाट त्यांच्या पायाखालची होती.

सुमारे एक लाख माणसे या बराकींतून राहिली. एका लांब दालनात अनेक कुटुंबे, मध्ये गोणपाटाचा नाही तर चादरीचा पडदा. पाण्याला रांग, रेशनला रांग. ज्यांचे कराची-हैदराबादेत वाडे होते, त्यांची ही अवस्था. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या छावणीचे नामकरण झाले: उल्हासनगर. नाव नदीवरून आले खरे, पण उल्हास म्हणजे आनंद. सर्वस्व गमावलेल्या माणसांच्या वस्तीला हे नाव शोभवून दाखवणे सोपे नव्हते.

ते कसे शोभवले, हे दुपारी बाजारात फिरताना दिसते. बायकांनी पापड लाटले, लोणची घातली; पुरुषांनी डोक्यावर कापडाचे गठ्ठे घेतले; पोरांनी लोकलमध्ये गोळ्या विकल्या. त्यातून दुकाने झाली, कारखाने झाले. इथल्या मालावरच्या 'यूएसए' या छापाचा अर्थ लोक गमतीने 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा सांगतात! आपल्या कुटुंबाने इथे दाल-पकवान खावे आणि कापडबाजार पाहावा.

पण नुसत्या व्यापाराने गाव होत नाही. सिंधमधल्या हैदराबादच्या कॉलेजचे प्राचार्य कुंदनानी यांनी बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांच्यासह १९४९ मध्ये वांद्र्याला कॉलेज पुन्हा सुरू केले. त्यांच्याच संस्थेचे सी. एच. एम. कॉलेज पुढे उल्हासनगरात निघाले. मुलूख नसलेल्या सिंधी भाषेला १९६७ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली. आणि दरवर्षी उन्हाळा सरला की झुलेलालच्या नावाने चाळीस दिवसांचे व्रत चालते. झुलेलाल हा पाण्याचा देव, सिंधू नदीकाठचा. तो उल्हासच्या काठी आला, जसा चंद्रभागेकाठचा विठोबा शहाडला आला.

या गोष्टीला दुसरीही बाजू आहे, ती शेतकरी श्रोत्यांपासून लपवू नये. युद्धासाठी या पट्ट्यातल्या जमिनी घेतल्या गेल्या. जवळच्या नेवाळीला विमानांच्या धावपट्टीसाठी गेलेल्या जमिनीसाठी २०१७ सालीसुद्धा शेतकरी रस्त्यावर उतरले होते. एकाला आसरा मिळाला त्या भागात दुसऱ्याचे शेत गेले होते. इतिहास शिकवताना दोन्ही सांगावे.

उन्हे कलती झाली की अंबरनाथला जावे. वालधुनी नदीच्या काठी शिलाहार राजा मांबाणी याच्या काळातले, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चे शिवमंदिर आहे. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेले की वर मोकळे आकाश दिसते. साडेनऊशे वर्षे हा दगड टिकला; पण शेजारच्या वालधुनीचे पाणी आपण दोन पिढ्यांत कारखान्यांच्या सांडपाण्याने नासवून टाकले, हेही मुलांना दाखवावे. तिथून बदलापूर जवळच. वाटसरू इथे घोडे बदलीत म्हणून बदलापूर, असे लोक सांगतात.

घोडे बदलण्याची जागा, सैनिकांचा तळ, निर्वासितांची छावणी! हा सारा मुलूख मुक्कामाचा. आलेली माणसे राहिली, राबली, म्हणून मुक्कामाचे नगर झाले.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. १९४७ साली जो मुलगा दहा वर्षांचा होता, तो आज नव्वदीच्या घरात आहे. जुन्या बराकी पाडून तिथे इमारती उठत आहेत. शिलाहारांचा लेख दगडावर आहे, तो राहील. बराकीतला संसार मात्र माणसांच्या आठवणीतच आहे. तुमच्या गावातही धरणामुळे, दुष्काळामुळे, गिरणीमुळे उठून आलेली माणसे असतील. मुलांना वही देऊन त्यांच्याकडे पाठवा. 'आजोबा, तुम्ही इथे कुठून आलात? येताना बरोबर काय आणले?' एवढे दोनच प्रश्न विचारायला सांगा, आणि मिळेल ते उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायला सांगा.