कुलाब्याच्या वहीतलं सौरवादळ

१ सप्टेंबर १८५९. लंडनजवळ रेडहिल इथे रिचर्ड कॅरिंग्टन आपल्या खासगी वेधशाळेत सूर्यडागांची चित्रं काढत होते. सकाळी अकरा वाजून अठरा मिनिटांनी डागांच्या एका मोठ्या समूहावर दोन लखलखीत ठिपके उमटले आणि पाचेक मिनिटांत विझलेसुद्धा. त्याच वेळी रिचर्ड हॉजसन यांनीही ते वेगळ्या ठिकाणाहून पाहिलं, म्हणून बरं, नाहीतर कोणी विश्वास ठेवला असता?

आता मुंबईकडे या. कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकसूची टांगलेली असायची आणि माणसं दुर्बिणीतून मापपट्टी वाचून आकडे वहीत उतरवत. स्वयंचलित नोंद नव्हतीच. २ सप्टेंबरच्या सकाळी सूची बेभान झाली. ड्यूटीवरच्या माणसांनी तासाऐवजी काही मिनिटांच्या अंतराने वाचन सुरू केलं. अकराच्या सुमारास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळला आणि थोड्याच वेळात पुष्कळसा सावरला. मुंबईत लख्ख दिवस, आकाशात काहीच दिसत नव्हतं! त्या माणसांना कशाची नोंद होतेय हे माहीत असणं शक्य नव्हतं. त्यांनी वाचन थांबवलं नाही, एवढंच. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी आणि मुंबईतले त्यांचे सहकारी यांनी हेच आकडे जगापुढे ठेवले. तासाची सरासरी घेतली तर आकडा बराच खाली येतो आणि त्यावर वाद आहे. पण वही नसती तर वादही नसता.

लखलखाट आणि वादळ यांत अंतर साडेसतरा तासांचं. प्रकाशाला तर सव्वाआठ मिनिटं पुरतात. मग मधे काय चाललं होतं? लॉर्ड केल्विन यांनी १८९२ मध्ये सूर्याचा या वादळांशी संबंधच नाकारला होता. उत्तर १९७१ मध्ये ओएसओ-७ या उपग्रहाने दाखवलं: सूर्य ज्वालेबरोबर कधीकधी अब्जावधी टन तप्त वायू चुंबकीय क्षेत्रासकट फेकून देतो. हा ढग वाटेत फुगतो, सौरवाऱ्याला ढकलतो, त्याच्यापुढे आघातलहर उभी राहते. एरवी पोचायला दोन-तीन दिवस लागतात. १८५९ ला आधीच्या, ऑगस्टअखेरच्या ढगाने बहुधा वाट मोकळी केली होती. आणि खरी मेख वेगात नाही बरं का, दिशेत आहे. ढगातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल तरच ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळून ऊर्जा आत सोडतं. ही दिशा ढग दारात आल्याशिवाय नीट कळत नाही. मार्च १९८९ मध्ये क्यूबेकची वीज दीड मिनिटात गेली, साठ लाख लोक अंधारात राहिले.

कुलाब्याचं पुढे काय झालं? मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय मोजमाप बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये नानाभॉय मूस यांनी ते अलिबागला हलवलं. तिथे आजही नोंदी होतात. आणि २ सप्टेंबरलाच, २०२३ साली, आदित्य-एल१ सुटलं. ते पंधरा लाख किलोमीटर पुढे उभं राहून तोच वारा मोजतंय. वेगवान ढग तिथून इथवर यायला जेमतेम अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढाच इशारा मिळतो.